ऐकणारे साडू

माझ्या थोरल्या साडूंसारखा ऐकणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा सापडणार नाही, आणि मला आयुष्यात त्यांचा जितका राग आला आहे तितका दुसऱ्या कुणाचाही आलेला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फार जवळचा संबंध आहे. माणूस वाईट असता तर राग येऊन गेलाही असता. बायकोच्या बहिणीचा नवरा, एखाद्या लग्नात नाहीतर तेरवीत भेटतो, हसून वेळ मारून न्यायची आणि घरी यायचं. पण हा माणूस चांगला आहे, आणि चांगल्या माणसाने आपल्या चांगुलपणानेच एखाद्या कामाची माती करावी, याच्याइतकं डोकं फिरवणारं जगात काही नसेल. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजी म्हणतो. मनातल्या मनात काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही.

ऐकणं म्हणजे गप्प बसणं, असा माझा आपला साधा समज होता. साडूंचा तो नाही. आमच्याकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात, आणि साडू ऐकतात ते या एका शब्दाने. समोरच्याने वाक्य अर्ध्यावर आणलं की यांचा 'हाव' तयार. छोट्या दुःखाला हळू आवाजातला 'हाव', नवलाच्या गोष्टीला लांबवलेला 'हाऽऽव', कुणी कुणाला फसवलं असेल तर जोरकस 'हाव ना!', आणि पुढचं ऐकायची घाई झाली की 'हाव, मंग?' लोकांना याचं अक्षरशः व्यसन लागतं. एकदा आम्ही दोघं सीताबर्डीत ऑटोतून उतरलो, तर त्या ऑटोवाल्याने ऑटो बंद केला आणि मुलीच्या सोयरिकीची हकीकत सुरुवातीपासून सांगायला घेतली. मे महिना, दुपारची वेळ, डोक्यावर कापडाचा तुकडा नाही. मी म्हटलं, "भाऊजी, चला ना." तर मला म्हणतात, "थांब ना गा, पोरीचा सासरा येऊन राहिला आता." म्हणजे गोष्टीत. सासरा येईपर्यंत, आल्यावर रुसेपर्यंत आणि रुसवा काढेपर्यंत मी तिथे करपत उभा होतो. दाताच्या डॉक्टरकडे तर याहून भारी प्रकार झाला. डॉक्टर दात कोरता कोरता आपल्या सोसायटीतल्या पाण्याच्या भांडणाबद्दल सांगत होता. तोंडात यंत्र चालू असताना साडूंनी 'हाव' म्हटलं आणि जीभ फाडून घेतली. कितीतरी दिवस पातळ भातावर होते. त्या डॉक्टरशी मात्र तेव्हापासून घट्ट दोस्ती झाली, भांडणाचा पुढचा भाग ऐकायला आजही जातात.

अशा माणसाला कुणीतरी पॉडकास्टचं नाव सांगितलं. ज्याने सांगितलं तो मला अजून सापडलेला नाही. इतवारीतलं भांड्यांचं दुकान मुलाच्या हाती देऊन साडू मोकळे झाले होते, आणि 'लोकांचं ऐकायचं आणि ते साठवून ठेवायचं' ही कल्पना त्यांच्या डोक्यात अशी बसली की घरी आलेल्या पाहुण्यांपुढेही तोच विषय. पॉडकास्टचं नाव ठेवलं 'सांगा ना गा'. स्टुडिओ म्हणून निवडलं दुकानाच्या माडीवरचं गोदाम. कारण काय, तर तिथे कुणी येत नाही. कुणी येत नाही हे खरं, पण तिथे पाणी भरायचे पितळेचे गुंड, स्वयंपाकाचे तांब्याचे गंज, पराती आणि घंगाळी छतापर्यंत रचलेली आहेत. पहिल्या पाहुण्याने तोंड उघडलं आणि गोदामातली सगळी भांडी त्याच्याबरोबर बोलायला लागली. निवृत्त पोस्टमास्तर होते बिचारे, विहिरीच्या तळातून मदत मागत असल्यासारखे ऐकू आले. खालच्या गल्लीतून हातगाडीवाल्यांच्या आरोळ्या, ते वेगळंच. मी म्हटलं, भाऊजी, गाद्या टांगा, आवाज घुमणार नाही. टांगल्या की! कुणाची मदत न घेता, स्वतः शिडीवर चढून, आणि टांगता टांगता दुकानातल्या नोकराने खालून काही सांगायला सुरुवात केली म्हणून मान वळवून 'हाव' म्हणायला गेले आणि गादीसकट खाली आले. पाय प्लास्टरमध्ये.

माइकची हकीकत तर सांगूच नये अशी आहे. सीताबर्डीच्या रस्त्यावरून त्यांनी तो आणला. त्याच्या मुठीत रंगीत दिवे लागायचे आणि आतून प्रत्येक शब्दाला चार-चार पडसाद. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्यांसाठीचा माइक तो. मी विचारलं, हा काहून आणला? तर म्हणे, विकणारा पोट्टा मोठ्या मनानं समजावून सांगून राहिला होता, त्याचं मन कसं मोडू. हेडफोन वापरायला तर त्यांना सांगायचीच सोय नाही. "समोरचा माणूस जीव तोडून बोलून राहिला, आन् आपण कानात बोळे घालून बसाचं? लाज नाही वाटणार?" कानाला हेडफोन लावणं हा बोलणाऱ्याचा अपमान आहे, हे त्यांचं ठाम मत आहे आणि त्यापासून त्यांना कुणी हलवू शकलेलं नाही.

इथपर्यंत सगळं हसून सोडून देण्यासारखं होतं. मीही हसत होतोच. पण उन्हाळ्यात आमचे सासरे, म्हणजे मामाजी, आजारी पडले. मामाजी मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. स्वतः पुढे मास्तर झाले, तरी बोलायला बसले की मागाच्या, धोट्याच्या, लुगड्यांच्या गोष्टी. सासूबाई गेल्यापासून ते बंगळूरला माझ्या मेहुण्याकडे राहतात. घशात गाठ निघाली, ती वाईट निघाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की काढावी लागेल आणि गाठीबरोबर आवाजही जाईल. ऑपरेशन सोमवारी. ही बातमी कळल्याबरोबर दोघी बहिणी, माझी बायको आणि साडूंची, विमानाने तिकडे गेल्या. जाताना बायको मला एवढंच म्हणाली की बाबांचा आवाज राहिला पाहिजे, काही करा पण राहिला पाहिजे. त्यांचा मुलगा दिवसभर दुकानात, आणि प्लास्टरमधल्या साडूंना एकटं ठेवता येईना, म्हणून मी त्यांना आमच्या धरमपेठच्या घरी आणलं, आणि पोह्यांवर नि टपरीवरच्या झणझणीत तर्रीवर आम्हा दोघांचा संसार सुरू झाला.

तुम्ही म्हणाल, आवाजच हवा ना, मग तिथल्या तिथे फोन समोर ठेवून बोलायला लावायचं. लावलं. मामाजी फोनकडे बघून दोन वाक्यं बोलले आणि थांबले. म्हणाले, "कोणाले सांगू? याले?" मुलाला सांगायला लागले तर, "तुले तं सगळं माहीत आहे." मुली समोर बसल्या की त्या रडतात, आणि पोरी रडायला लागल्या की बाप कशाला बोलतो. शेवटी त्यांनीच सांगितलं की थोरल्या जवाईबापूले फोन लावा, त्याईच्यासंगं बोलतो. लग्न झाल्यापासून साडूंनी त्यांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्याच त्या, प्रत्येक वेळी नव्याने 'मंग?' विचारत. मला तेव्हा थोडं वाईट वाटलं हे कबूल करतो, कारण धाकटा का होईना, जावई मीही आहे. पण आमच्या ऑफिसातल्या सगळ्या ऑनलाइन बैठका मीच लावून देतो, तेव्हा रेकॉर्डिंग मी बघणार, बोलणं साडूंनी काढायचं, असं ठरलं. वेळ शुक्रवार ते रविवारची, त्यातही मामाजींना जास्त बोलायची मनाई. म्हणजे आवाज थोडाच शिल्लक होता आणि तो जपून वापरायचा होता.

शुक्रवारी मी कूलर बंद केला, खिडक्या लावल्या, लॅपटॉप टेबलावर मांडला. घाम पुसून वर बघतो तर साडूंच्या हातात रंगीत दिव्यांचा माइक. मी काही म्हणायच्या आत त्यांनी "नमस्कार मंडळी" केलं आणि त्या मंडळींचे पडसाद बंगळूरपर्यंत पोचले. मामाजींनी तिकडून विचारलं, "कोणाची वरात आहे गा?" आणि स्वतःच्याच विनोदावर त्यांना हसू आलं. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना, बायकोने घाईघाईने फोन बंद केला. त्या दिवसाचा आवाज असा वरातीत गेला. मी तो माइक कपाटात टाकला आणि कपाटाचं दार एवढ्या जोराने आपटलं की त्याची बिजागरी निघाली. साडू म्हणाले, "पण हसले ना मामाजी, किती दिवसाचे हसले." मला जे उत्तर सुचलं ते नात्यात बसलं नसतं.

शनिवारी मात्र सगळं जमलं. माइक लॅपटॉपचाच, नेट चांगलं, कूलर बंद, शेजारचा कुत्रा झोपलेला. मामाजी रंगात आले. आवाज बारीक झाला होता, शब्द ओढून आणावे लागत होते, पण गोष्ट त्यांची नेहमीची, चुकलेल्या काठाची. शाळकरी वयात त्यांनी मागावर बसून एका लुगड्याचा काठ चुकवला होता, आणि बापाने शिक्षा म्हणून ते लुगडं घेऊन त्यांनाच इतवारीच्या शेठजीकडे पाठवलं होतं. आम्ही पुष्कळ वेळ ऐकलं. साडू पाय खुर्चीवर टाकून, पुढे झुकून, प्रत्येक वाक्याला 'हाव' देत होते. मी रेकॉर्डिंगच्या लाल ठिपक्यावरून नजर काढली नाही. संपल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांना टाळीसुद्धा दिली, एवढा मी मूर्ख.

मग लावून ऐकलं. त्या प्रोग्रामची रीत अशी की दोन माणसं एकदम बोलली तर ज्याचा आवाज मोठा त्याचा धरायचा आणि दुसऱ्याचा दाबून टाकायचा. साडूंच्या कानाला हेडफोन नव्हता, त्यामुळे मामाजींचा आवाज लॅपटॉपमधून पुन्हा माइकमध्ये जाऊन त्या प्रोग्रामचा गोंधळ आणखीच वाढला होता. मामाजींचा आवाज आधीच बारीक, आणि इकडे भांड्यांच्या बाजारात आयुष्य काढलेला गळा. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं ते असं: "लुगडं घेऊन मी निंघालो… हाव… आन् शेठजी म्हने… हाव ना… मंग आतून त्याईची माय… हाऽऽव… काठ पायला आन्… हाव, मंग?… हाव… हाव ना!… रडली." म्हातारी का रडली हे कुणालाच कळलं नसतं. जगात शिल्लक राहिला असता तो साडूंचा 'हाव', स्वच्छ, खणखणीत, आणि त्याच्या फटींतून मामाजींचे तुकडे.

मी ओरडलो. वयाने, मानाने मोठ्या माणसावर कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो. "एक दिवस, एक दिवस तोंड बंद ठेवता आलं नाही तुम्हाला? माणूस शेवटचं बोलतोय आणि तुम्ही त्याच्यावर हाव हाव करता?" शेवटचं हा शब्द तोंडातून गेला आणि मग मला आणखीच राग आला, कारण तो शब्द घरात कुणी काढायचा नाही असं न बोलता ठरलेलं होतं. खरं तर राग त्या गाठीचा होता. पण गाठीवर ओरडता येत नाही, डॉक्टरवर ओरडून उपयोग नाही, आणि समोर प्लास्टर घातलेले साडू होते, जे उठून जाऊही शकत नव्हते. ते शांतपणे ऐकत होते. सवयीने त्यांच्या ओठांवर 'हाव' आला आणि त्यांनी तो गिळला, हे मला दिसलं. मग म्हणाले, "बोलनारा बोलून राहिला आन् आपण मुक्यानं बसाचं? भितीसंगं बोलून राहिल्यावानी नाही वाटनार त्याईले?" मी म्हटलं, भिंत परवडली. भिंत मध्ये बोलत नाही.

रविवारी मी त्यांना बजावून बसवलं. तोंडाला उन्हाचा पांढरा दुपट्टा बांधला. त्यांनीच बांधून घेतला, गाठ मी मारली. वर लॅपटॉपवर आमचा आवाज बंद करून टाकला. नेट त्या दिवशी रडत होतं, म्हणून चेहरे दिसत नव्हते, फक्त आवाज. मामाजींनी सुरू केलं. लुगडं घेऊन उमरेडहून निघाले, आणि थांबले. "जवाईबापू?" मी घाईने आवाज चालू करून म्हटलं, "मामाजी, मी ऐकतोय, सांगा." ते म्हणाले, "तुमी आहे हो, पन ते कुठी गेले?" मी म्हटलं, इथेच आहेत, बसलेत. पुन्हा सुरू झालं, पुन्हा दोन वाक्यांवर थांबलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "जाऊ द्या. थकले असतीन ते. मंग कधी सांगीन." मंग कधी! सोमवार उद्यावर आला होता. मला लॅपटॉप उचलून भिंतीवर फेकावासा वाटला. साडूंवर राग, मामाजींवर राग, त्या लाल ठिपक्यावर राग, जो रिकामी शांतता इमानाने जपून ठेवत होता. साडू माझ्याकडे बघत होते. दुपट्ट्याच्या वरून त्यांचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते भरलेले होते.

शेवटी तिकडून माझी बायको कडाडली. "तुम्ही दोघं आधी गप्प बसा. नाही, भाऊजी, तुम्ही नाही, तुम्ही बोला. दादा, बाबांच्या कानाला तुझा हेडफोन लाव. माझा फोन मी त्यांच्या तोंडासमोर धरते, रेकॉर्ड इथंच होईल. भाऊजींचं काय व्हायचं ते बाबांच्या कानात होऊ दे." एवढं साधं होतं. ऑफिसातल्या बैठका लावणाऱ्या माणसाला ते सुचलं नाही, याचाही मला राग आला, पण तो दाखवायला वेळ नव्हता. मी दुपट्ट्याची गाठ सोडली.

साडूंनी पहिला 'हाव' दिला आणि तिकडे मामाजींचा आवाज सरळ झाला, जसा कितीतरी दिवसांत झाला नव्हता. लुगडं इतवारीत पोचलं. शेठजींनी ते उलगडलं, चुकलेला काठ पाहून बापाचं नाव काढून शिव्या घातल्या. आवाज ऐकून आतून त्यांची म्हातारी आई आली, काठ हातात घेऊन पाहिला आणि रडायला लागली. तिच्या लग्नातल्या लुगड्याला असाच काठ होता, तसा पुन्हा कुणी विणलाच नव्हता. ते लुगडं तिने ठेवून घेतलं, आणि पोराला ताटावर बसवून जेवू घातलं. ही गोष्ट मी कितीदा तरी अर्धवट ऐकली होती, पंगतीत, पानांच्या गडबडीत. पूर्ण ऐकली ती त्या दिवशी. साडूंनी एकही जागा चुकवली नाही. गाल ओले होते, नाक वाहत होतं, पण आवाजात त्यांनी ते कळू दिलं नाही. गोष्ट संपली तेव्हा त्यांनी विचारलं, "हाव, मंग?"

"मंग काय," मामाजी म्हणाले, "झालं."

"आजून एक सांगा ना."

"आता बस, जवाईबापू. आता नाही होत."

ऑपरेशन नीट झालं. मामाजी बरे आहेत, खातात-पितात, सकाळी फिरतात. आवाज नाही. ते रेकॉर्डिंग आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, स्वच्छ, एकही अडथळा नाही, मला हवं होतं अगदी तसं. त्यात मामाजी एक वाक्य बोलतात, जरा थांबतात, पुढचं बोलतात, आणि ते कशासाठी थांबतात हे ऐकणाऱ्या परक्या माणसाला कळणार नाही. बायकोने ते एकदा लावलं आणि लगेच बंद केलं. पुन्हा कुणी लावलेलं नाही.

बायका अजून तिकडेच आहेत, साडू अजून आमच्याकडे. रोज संध्याकाळी ते मामाजींना फोन लावतात. पूर्वी लावायचे तसाच. फरक इतकाच की आता बोलायचं यांनी. आणि हा माणूस इतकं वाईट बोलतो, इतकं वाईट, की मला दुसऱ्या खोलीत जाऊन बसावं लागतं. गोष्ट शेवटाकडून सुरू करतात, माणसांची नावं विसरतात, मध्येच कुणाच्या तरी काकाची बहीण आणतात आणि तिचं पुढे काय झालं ते सांगत नाहीत. दात-ओठ खाऊन ऐकावं लागतं. मामाजी तिकडून फोनवर बोटाने टकटक करतात, एक टक, दोन टक, गोष्टीत जीव आला तर तीन. साडू ती टक ऐकतात आणि पुढे जातात. काल मध्येच त्यांचं सगळं सांगून संपलं. फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले, घाबरल्यासारखे. "आता काय सांगू गा? काही उरलंच नाही."

मी म्हटलं, "भाऊजी, काहीही सांगा, पण थांबू नका. ते वाट पाहून राहिले." आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून मीही ऐकायला बसलो.